पॅकियाओ हरला तो खांद्यामुळे की मेवेदरच्या डावामुळे?

खानापूरकर

मंडळी, २ मे २०१५, लास वेगास. आपल्याकडे ३ मेची रविवार सकाळ. फ्लॉइड मेवेदर विरुद्ध मॅनी पॅकियाओ, बॉक्सिंगची लढत. बाराच्या बारा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही पंचांनी मेवेदरला विजयी केलं. एकाने ११८-११०, दोघांनी ११६-११२ (फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९).

लढत संपल्यावर पॅकियाओच्या गोटातून बातमी आली की सरावात त्याचा उजवा खांदा दुखावला होता आणि तिसऱ्या फेरीपासून तो परत दुखायला लागला. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. म्हणजे दुखापत खोटी नव्हती, एवढं तरी सगळ्यांनी मान्य करावं.

माझं मत असं की खांदा धड असता तर निकाल उलटा लागला असता. निदान बरोबरी तरी. आमच्याकडे कुस्तीवाले गल्लोगल्ली, बॉक्सिंगवाले चार टाळकी. कुस्तीवाल्यांना विचारलं तर एकच उत्तर, "हरल्यावर सगळ्यांचंच काहीतरी दुखतंय." म्हणून इथे विचारतोय. फेऱ्या बघून बोला, फॅन म्हणून नको.

संकेश्वरी_मिरची

जिंकला की देवाची कृपा, हरला की खांद्याची अवकृपा. चालू द्या, मी चहा ठेवते.

आकडेमोडे

फेऱ्या बघून बोला म्हणालात म्हणून आकडे देतो. कॉम्प्युबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या यंत्रणेच्या मोजणीत मेवेदरचे ४३५ पैकी १४८ ठोसे लागले, पॅकियाओचे ४२९ पैकी ८१. नुसते जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, बघा. मेवेदर २६७ पैकी ६७, पॅकियाओ १९३ पैकी १८.

पॅकियाओ डावखुरा, त्याचा पुढचा हात उजवा. आता हे १९३ जॅब कुठल्या हाताने मारले? त्याच, "निकामी" झालेल्या उजव्या हाताने. हात वर जात नव्हता तर एवढे मारले कसे? अडचण मारण्यात नव्हती, लागण्यात होती. आणि ठोसा लागत नाही तेव्हा त्याचं श्रेय समोरच्याला द्यायचं असतं.

खानापूरकर

आकडेमोडे, मारले आणि जोरात मारले यात फरक आहे की नाही? दुखऱ्या हाताने माणूस जॅब नुसता दाखवतो, घालत नाही. मोजणाऱ्याच्या यंत्रावर दोन्ही एकच.

तांबडी_माती

मी कंग्राळीकडचा, तालमीत वाढलेला. बॉक्सिंगमधलं मला फार कळत नाही, पण एक सांगतो बगा. आमच्यात मैदानात जोड लागली की दोन्हीकडचे वस्ताद पहिल्यांदा काय बघतात? पैलवान हौद्यात उतरून माती कपाळाला लावतोय, दंडावर घेतोय, तेव्हा कुठला हात पूर्ण वर जात नाही ते. खांदा दुखत असला तर तो खालूनच माती उडवतोय. समोरचा वस्ताद तिथंच पोराच्या कानात सांगतोय, "डावीकडनं धर." अर्धी कुस्ती तिथंच झाली.

म्हणून मला वाटतंय मेवेदरच्या बापाला (तोच त्याचा वस्ताद ना?) पहिल्याच फेरीत कळलं असणार. दुखापत आणि डाव असं वेगळं काढून कशाला बोलूलालासा? ह्याची दुखापत हाच त्याचा डाव की!

संकेश्वरी_मिरची

+१. मातीवाले दादा थेट वेगासला पोचले.

सुभेदारकाका

रेजिमेंटमध्ये असताना पंधरा-सोळा वर्षं ग्लोव्हज घातलेत, म्हणून दोन शब्द. जरा लांबेल.

डावखुऱ्याशी खेळताना उजव्या बॉक्सरला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवतात. एक, आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेव. दोन, आपल्या डाव्या बाजूला फिर, म्हणजे त्याच्या डाव्या हातापासून लांब जाशील. डावा हात हीच डावखुऱ्याची खरी तोफ असते, पॅकियाओची तर होतीच. मग डावखुऱ्याने करायचं काय? तुम्ही तिकडे फिरायला लागलात की तो उजव्या हाताने आखूड हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने ठोसा, घालतो. ते त्या वाटेवरचं फाटक. फाटक बंद झालं की तुम्ही तिथेच थांबता किंवा परत मागे वळता, आणि मग डावा येतो.

उजवा खांदाच दुखतोय म्हटल्यावर फाटक उघडं राहिलं. मेवेदर सबंध लढत मोकळा फिरला. जॅबचे आकडे सगळे सांगतात, पण माझं लक्ष त्या उजव्या हूककडे होतं. २००९ मध्ये रिकी हॅटनला त्याने दुसऱ्या फेरीत झोपवलं ते डाव्या हाताने, हे सगळ्यांना आठवतं. पहिल्या फेरीत हॅटन पहिल्यांदा पडला तो उजव्या हूकवर, हे कोणी सांगत नाही. तो हूक वेगासला आला नाही.

त्यामुळे धागाकर्त्याच्या बाजूने अर्धं मत. उरलेल्या अर्ध्याचं नंतर लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

खानापूरकर

काका, हेच तर सांगायचं होतं मला! धन्यवाद.

आकडेमोडे

काकांचा मुद्दा चांगला आहे. पण त्यालाच धरून विचारतो, मार्केझचं काय? हुआन मान्युएल मार्केझशी पॅकियाओ चार वेळा खेळला, २००४ ते २०१२. एक बरोबरी, दोन अगदी निसटते विजय, आणि चौथ्यात सहाव्या फेरीच्या शेवटी सरळ तोंडावर उपडा. खांदा ठणठणीत असताना. मार्केझने काय केलं? मागे सरकायचं, त्याला आत येऊ द्यायचं आणि येताना सरळ उजवा द्यायचा. म्हणजे थांबून मारणारा, डोक्याने खेळणारा बॉक्सर पॅकियाओला कायम जड गेला. मेवेदर त्या जातीतला सगळ्यात वरचा. शिवाय हातांची लांबी मेवेदरची ७२ इंच, पॅकियाओची ६७. पाच इंच अंतर कुठला डॉक्टर शिवून देणार?

आणि खानापूरकर, खांदा तिसऱ्या फेरीत गेला म्हणता ना? मग पॅकियाओच्या दोन सगळ्यात चांगल्या फेऱ्या कुठल्या? चौथी आणि सहावी. चौथीत सरळ डावा लागला, मेवेदर दोरांवर गेला, पॅकियाओने तिथे झोड उठवली. खांदा जायच्या आधीच्या फेऱ्यांत त्याने काय उजेड पाडला होता?

संकेश्वरी_मिरची

हा प्रश्न कुकरच्या शिट्टीसारखा आलाय. खानापूरकर, गॅस बंद करा आता.

खानापूरकर

चौथ्या फेरीत डावा लागला. डावा. दुखत होता उजवा. आणि डावा एकदा लागल्यावर पुढे मोका का नाही घेता आला? कारण मागोमाग उजवा जात नव्हता. उत्तर त्याच प्रश्नात आहे.

फिजिओ_टिळकवाडी

माझ्याकडे खांद्याचे पेशंट रोज असतात. क्रिकेटवाले, कुस्तीवाले, आणि सगळ्यात जास्त माळ्यावरचे डबे काढणाऱ्या काकू. त्यामुळे थोडं खांद्याविषयी.

पॅकियाओचं निदान होतं रोटेटर कफ फाटल्याचं. चार छोट्या स्नायूंचे कंडरे दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात, ते रोटेटर कफ. ते फाटले तरी हात वर जातो, हे लोकांना पटत नाही. मोठा स्नायू, म्हणजे बाहेरून दिसतो तो गोल डेल्टॉइड, काम करत राहतो. दुखतं ते हात बाजूने खांद्याच्या पातळीपर्यंत नेताना. समोर सरळ न्यायला तुलनेने बरं पडतं.

आता बॉक्सिंगला लावा. जॅब समोर सरळ जातो. हूकला कोपर बाजूने वर उचलावं लागतं. म्हणजे आकडेमोडे म्हणतात तसे १९३ जॅब मारणं शक्य आहे आणि काका म्हणतात तसा हूक नाहीसा होणंही शक्य आहे. दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलत नाहीयेत.

आणखी एक. शस्त्रक्रियेनंतर अशा खांद्याला पूर्ण ताकदीने परत यायला नऊ महिने ते वर्ष धरतात. पॅकियाओ रिंगमध्ये परतला तो ९ एप्रिल २०१६ ला, टिमथी ब्रॅडलीविरुद्ध. अकरा महिने. तेव्हा "हरल्यावरचं नाटक" म्हणणाऱ्यांनी हा कालावधी बघावा. ब्रॅडलीला त्याने दोनदा पाडलं हेही बघावं.

तांबडी_माती

ताई, आमच्या तालमीत खांद्याला हळद-तुरटीचा लेप आणि वर कापड. चालतंय का?

फिजिओ_टिळकवाडी

सूज आहे तोवर मनाचं समाधान म्हणून चालेल. फाटलेलं असेल तर लेपाने सांधत नाही. आणि लेप लावून दुसऱ्या दिवशी जोर मारायला जाता ना, तिथे माझं काम वाढतं.

कॅम्पातला_बंडू

दुखापतीचा विषय निघालाय आणि अजून कोणी डेव्हिड हेची करंगळी काढली नाही? २०११, हॅम्बुर्ग. व्लादिमिर क्लिच्कोशी हरल्यावर पठ्ठ्याने बूट काढून पायाची करंगळी दाखवली जगाला. तुटली होती म्हणे. पंचांच्या कार्डावर ११७-१०९, ११८-१०८, ११६-११०. त्याआधी वर्षभर तोंडाने जेवढी बॉक्सिंग केली तेवढी हाताने केली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून आमच्यात कोणी काही सबब सांगितली की म्हणतो, "करंगळी दाखव."

आकडेमोडे

बंडू, पण त्याच घरातलं उलटं उदाहरणही आहे. व्लादिमिरचा मोठा भाऊ विताली. १ एप्रिल २००० ला बर्लिनमध्ये ख्रिस बर्डविरुद्ध तिन्ही कार्डांवर स्पष्ट पुढे होता आणि नवव्या फेरीनंतर खांदा फाटल्यामुळे स्टुलावरून उठलाच नाही. हरला. लोकांनी भित्रा म्हटलं. तिथे मी बिनशर्त म्हणतो की दुखापतीने हरवलं. कारण दुखापत होईपर्यंत तो जिंकत होता, कार्डं साक्षीला आहेत.

माझी कसोटी एवढीच आहे. दुखापतीच्या आधी काय चाललं होतं? वितालीचं उत्तर मिळतं. पॅकियाओचं मिळत नाही.

सुभेदारकाका

आलो परत.

आकडेमोडेंची कसोटी इथे लागू पडत नाही. वितालीचा खांदा लढतीत गेला. पॅकियाओचा लढतीच्या साधारण महिनाभर आधी गेला होता. म्हणजे पहिल्या फेरीलाही तो "आधी" नव्हताच. सरावाचे ऐन आठवडे, स्पारिंगचा (सरावातल्या लढतींचा) जोर असतो तेव्हा, उजवा हात सांभाळून घालवले असतील तर ती तूट पहिल्या घंटेपासून दिसणार.

पण माझं उरलेलं अर्धं मत मेवेदरकडे आहे ते असं. त्याने मिठी किती वेळा मारली ते बघा. पॅकियाओ आत शिरला की एक ठोसा द्यायचा, मान दाबायची, धरायचं, पंच सोडवेपर्यंत श्वास घ्यायचा. परत मध्यभागी. पॅकियाओचं सगळं बळ तीन-चार ठोशांच्या माळेत. माळेचा पहिला मणी ओवला की मेवेदर दोराच तोडायचा. याला खांद्याशी देणंघेणं नाही. २०१० मध्ये क्लॉटीविरुद्ध पॅकियाओने १२३१ ठोसे मारले होते, इथे ४२९. क्लॉटी कवच करून उभा राहिला, त्याला मारता आलं. मेवेदर उभाच राहिला नाही.

धड खांद्याने पॅकियाओने आणखी दोन फेऱ्या घेतल्या असत्या असं मला वाटतं. ११६-११२ वाल्या दोन कार्डांत दोन फेऱ्या मिळवा, काय होतं?

कॅम्पातला_बंडू

११४-११४! दोन पंच बरोबरी, एक मेवेदर. मेजॉरिटी ड्रॉ. म्हणजे खानापूरकर पहिल्याच पोस्टात "निदान बरोबरी" म्हणाले ते काकांच्या हिशोबाने बरोब्बर.

आकडेमोडे

दोनच का? दीड का नाही? काका, आदर ठेवून सांगतो, ही फेऱ्यांची वाटणी नव्हे, शेताची वाटणी झाली.

निपाणीकर_वहिनी

मी बॉक्सिंग बघत नाही, मुलगी शिकते म्हणून हा धागा वाचतेय. पण आपल्याकडचा विकास कृष्ण कोणालाच आठवला नाही याचं आश्चर्य वाटलं. टोकियो ऑलिंपिक, २४ जुलै २०२१, पहिलीच लढत, जपानच्या ओकाझावाकडून ०-५. डोळ्याखाली रक्त. सगळ्यांनी धुतला बिचाऱ्याला. नंतर कळलं की खांद्याच्या दुखापतीसह उतरला होता, मग शस्त्रक्रिया झाली. आपल्या माणसाला "तयारी नव्हती" म्हणायचं आणि फिलिपिन्सच्या माणसासाठी दहा-दहा वर्षं खांद्याची चर्चा!

त्याच स्पर्धेत सतीश कुमार चेहऱ्यावर तेरा टाके घेऊन उझबेकिस्तानच्या जालोलोवसमोर उभा राहिला. तोही ०-५ हरला. पण त्याच्या टाक्यांचं कौतुक झालं, कारण ते दिसत होते. खांदा दिसत नाही.

तांबडी_माती

वहिनी, हे एकदम खरं बोललासा. बजरंगचं पण घ्या की. गुडघा दुखावलेला, पट्टी बांधून उपांत्य फेरीत अलियेवकडून हरला. ब्राँझच्या कुस्तीला पट्टी काढून टाकली आणि ८-०. तोच गुडघा, दुसऱ्या दिवशी.

फिजिओ_टिळकवाडी

ते उदाहरण माझ्या पेशंटना सांगू नका प्लीज.

खानापूरकर

वहिनी, विकासच्या लढतीलाही हीच चर्चा लागू आहे, तुम्ही धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. तुमची मुलगी कुठे शिकते?

निपाणीकर_वहिनी

सध्या कोल्हापूरला मामाकडे. इथे जवळपास मुलींची बॅच नाही. रविवारी येते तेव्हा अंगणात दोरी आणि सावलीशी मारामारी. शेजारच्या आजी विचारतात, "हिचं लग्न कसं व्हायचं गं?" ती म्हणते, "आजी, डावखुरा बघा, सराव होईल."

संकेश्वरी_मिरची

🤣 पोरीला मंचातर्फे ग्लोव्हज द्या कोणीतरी.

कॅम्पातला_बंडू

बरं, मला सगळ्यात खटकलेली गोष्ट कोणी बोलतच नाहीये. लपवलं का? लढतीच्या आदल्या दिवशी नेवाडा राज्याच्या बॉक्सिंग कमिशनचा फॉर्म भरायचा असतो. त्यात खांद्याच्या दुखापतीच्या प्रश्नापुढे "नाही" अशी खूण. आणि लढतीच्या रात्री दोनेक तास आधी वेदनाशामक इंजेक्शनची परवानगी मागितली. कमिशन म्हणालं, आम्हाला दुखापतच माहीत नाही, तर इंजेक्शन कशाचं? नाही मिळालं. मग यात मेवेदरचा काय दोष आणि खांद्याचा तरी काय दोष? कागदाने हरवलं.

आकडेमोडे

भर घालतो. उत्तेजक चाचणी करणाऱ्या संस्थेला त्या औषधाची कल्पना होती, पण कमिशन वेगळं. एका कचेरीत दिलेला कागद दुसऱ्या कचेरीत चालतो असं समजणाऱ्याने एकदा आपल्याकडे सातबारा काढून बघावा. नंतर पैसे भरून लढत बघणाऱ्यांनी अमेरिकेत खटले भरले, दुखापत लपवून आमची फसवणूक केली म्हणून. ते २०१७ मध्ये फेटाळले गेले, अपीलही २०१९ मध्ये फेटाळलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही लढत बघायचे पैसे दिलेत, ती झाली. रंगतदार होईल याची हमी कोणी दिली नव्हती.

तांबडी_माती

लपवणार नाही तर काय करणार वो? आमच्यात यात्रेच्या मैदानाचं पोस्टर लागलं, त्यावर फोटो आला, इनाम ठरलं, की पैलवान तापात असला तरी उतरतोय. माघार घेतली तर पुढच्या वर्षी कमिटी बोलवत नाही, आणि गावात "घाबरला" म्हणून नाव. माझ्या चुलतभावानं एकदा बरगडी दुखत असताना जोड घेतली. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "खुराकाचं देणं झालंय." तिथं हजारांचा हिशोब. तिकडं तर विचारायलाच नको.

कॅम्पातला_बंडू

तिकडे घरी बसून पैसे भरून बघणारेच छेचाळीस लाख. एकूण उलाढाल चाळीस कोटी डॉलरच्या वर. नुसत्या तिकिटांचे सात कोटी वीस लाख डॉलर. पाच-सहा वर्षं दोघांच्या वाटाघाटी चालल्या होत्या. ही लढत पुढे ढकलायला कोण सांगणार?

फिजिओ_टिळकवाडी

त्यामुळेच "धड खांद्याचा पॅकियाओ विरुद्ध मेवेदर" ही लढत खरं तर २०१० ला व्हायला हवी होती. २०१५ ला एक ३८ चा, एक ३६ चा. या वयात कफ आधीच झिजलेला असतो. सरावात फाटला ते निमित्त. म्हणजे तुम्ही ज्याला दुखापत म्हणताय त्यात वयाचाही मोठा वाटा आहे.

आकडेमोडे

पण २०१९ मध्ये चाळिशीत त्याने कीथ थर्मनला पहिल्या फेरीत पाडून हरवलं. वय एवढं आडवं येत असतं तर ते झालं नसतं.

खानापूरकर

आकडेमोडे, हे तुम्ही माझ्या बाजूने बोललात, लक्षात आलं का? २०१६ ला ब्रॅडली, २०१९ ला थर्मन. शिवलेल्या खांद्याने तो जिंकतोय आणि फाटलेल्या खांद्याने हरतोय!

आकडेमोडे

मधे २०१७ ला ब्रिस्बेनमध्ये जेफ हॉर्नकडून हरला तो कुठल्या खांद्याने?

खानापूरकर

त्या निकालावर वेगळा धागा लागेल. तो निकाल पटलेला माणूस मला एकजण दाखवा.

सुभेदारकाका

हॉर्नला इथे आणू नका, मूळ प्रश्न राहील बाजूला.

तुलना करायची तर लोमाचेन्को-लोपेझ घ्या, ऑक्टोबर २०२०. लोमाचेन्कोही डावखुरा, त्याचाही उजवा खांदा, त्यावरही लढतीनंतर लगेच शस्त्रक्रिया. पहिल्या सहा-सात फेऱ्या तो हात बांधल्यासारखा उभा होता, मग आठव्यापासून सुटला आणि लोपेझला पळता भुई थोडी केली. शेवटी कार्डांवर हरलाच. खांदा दुखत होता तर उत्तरार्धात हात चालला कसा? मला वाटतं, दुखण्यापेक्षा दुखण्याच्या भीतीने त्याला आधी अडवलं. हात गेला तर बारा फेऱ्या कशा काढायच्या, म्हणून राखून खेळला. मागे पडल्यावर राखण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मोकळा झाला.

पॅकियाओ तसा कधीच मोकळा झाला नाही. दहाव्या-अकराव्या फेरीत मागे आहोत हे कोपऱ्यातल्या पोऱ्यालाही कळत होतं, तरी त्याने जीव टाकून धाव घेतली नाही. लढत संपल्यावर तर आपणच जिंकलो असं त्याला वाटत होतं, तसं तो तिथेच रिंगमध्ये बोलला. जो माणूस स्वतःला पुढे समजतो तो कशाला धोका घेईल? हे खांद्याचं काम नाही. ही कोपऱ्याची चूक आहे, त्याचा प्रशिक्षक फ्रेडी रोचने त्याला स्टुलावर बसवून खडसावायला हवं होतं.

आकडेमोडे

काका, हे मान्य. पण मग ते "डाव" या खात्यात जमा धरा.

खानापूरकर

पॅकियाओच्या कोपऱ्याचा चुकलेला डाव म्हणून धरा. मेवेदरच्या डावात नाही. धाग्याच्या नावात "मेवेदरच्या डावामुळे" असं आहे.

संकेश्वरी_मिरची

वकिली सुरू झाली. चहा तिसऱ्यांदा गरम केला.

तांबडी_माती

काका, आज रात्री पोरांना तालमीत मोबाईलवर ही लढत लावतोय. तुम्ही सांगितलेलं ते उजव्या हूकचं फाटक कुठल्या फेरीत सगळ्यात नीट दिसतंय?

सुभेदारकाका

आधी हॅटनची पहिली फेरी दाखव, मग या लढतीची पाचवी. आवाज बंद ठेव, समालोचक डोक्यात भलतंच भरवतात. पोरांना सांग, हाताकडे बघू नका, मेवेदरच्या डाव्या पायाकडे बघा. तो किती वेळा बाहेरून निघून जातो आणि त्याला अडवायला काही येतं का, तेवढंच मोजा.